पाचच्या भुकेचं काय करायचं?

नाश्त्याला ओट्स, लंचला सॅलड, सगळं कसं शिस्तीत चाललेलं असतं. मग घड्याळात पाच वाजतात आणि डाएटची विकेट पडते! वजन तर उतरवायचंय, पण तोंडही चालू ठेवायचंय, अशा सगळ्या मंडळींसाठी कमी कॅलरींच्या, पोटभरीच्या आणि मुख्य म्हणजे चविष्ट खाऊची ही खास यादी...

सोमवारी मोठ्या उत्साहात सुरू केलेलं डाएट नेमकं कधी मोडतं? जेवणाच्या टेबलावर नाही. तिथे आपण फार शहाण्यासारखे वागतो. तीन पोळ्यांच्या दोन करतो, भात बाजूला सारतो, काकडीच्या चकत्या मोजून खातो. डाएट मोडतं ते संध्याकाळी. लंच होऊन चार तास झालेले, डिनर अजून चार तास लांब, मेलबॉक्स ओसंडून वाहतोय आणि घरी पोहोचेपर्यंतचं ट्रॅफिक डोळ्यांसमोर नाचतंय. तेवढ्यात पलीकडून हाक येते, ‘चल रे, चहा मारून येऊ.’ खाली टपरीवर वड्यांचा ताजा घाणा निघालेला असतो. नाहीतर कुणाचा तरी बर्थडे असतो आणि पॅन्ट्रीत समोशांचा बॉक्स उघडा पडलेला असतो. घरून काम करणाऱ्यांची तर आणखीच पंचाईत. फोनवर बोट फिरवलं की दहा-पंधरा मिनिटांत वेफर्स दारात हजर!

आता जरा हिशेब करू. मध्यम आकाराची, तूप न लावलेली एक पोळी साधारण १०० कॅलरींची. एक वडापाव ३०० च्या आसपास. म्हणजे तीन दिवस मन मारून रोज एक पोळी कमी केलीत, त्याची कमाई एका वडापावात साफ. वर चहा. दोन चमचे साखर घातलेला एक कप चहा दुधासकट ७० च्या घरात जातो. दिवसाला असे चार कप झाले, की जवळजवळ आणखी एक वडापाव आपण चक्क प्यायलेला असतो!

यावर बहुतेक जण काय करतात? पाच वाजता काहीच खायचं नाही, असा पण करतात. तो पण दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फ्रीजसमोर उभं राहून जे हाताला लागेल ते पोटात जातं. तेव्हा मुद्दा सरळ आहे. पाचची भूक खोटी नाही, तिला मारायचं नाही. तिच्यासाठी काय खायचं, ते तीन वाजताच ठरवून ठेवायचं. बस्स!

बारीक आहोत म्हणून निवांत?

‘मला काय गरज? माझं पोट तेवढं थोडंसं सुटलंय,’ असं म्हणणाऱ्यांनी हा किस्सा जरूर वाचावा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडसडीत, आतून चरबी. आपल्यापैकी कित्येकांची हीच गोष्ट आहे.

म्हणूनच आपल्याकडे हा इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा, असं धरतात. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटीमीटरच्या आत हवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या पब्लिकने हा आकडा दुसऱ्यांचा समजू नये. प्रश्न नुसता जुनी जीन्स बसण्याचा नाही, राजेहो.

‘हलकं’ या शब्दाने केलेला घोटाळा

आपल्या मराठीत एक भारी फसवा शब्द आहे... ‘हलकं’. भूक लागली की आई म्हणते, ‘काहीतरी हलकं खा.’ मग डब्यातून काय निघतं? खारी, टोस्ट, चिवडा, चकली. हे सगळं हाताला हलकं लागतं, पोटालाही जड वाटत नाही. पण कॅलरींच्या वजनकाट्यावर मात्र दणकट! शेव-फरसाण १०० ग्रॅमला ५५० कॅलरींच्या आसपास जातं. खारीचे ते नाजूक पापुद्रे मुळात सुटतात ते मैद्याच्या थरांमध्ये लावलेल्या वनस्पती तुपामुळे. हलकेपणा आहे तो हवेचा, कॅलरींचा नाही.

उलट उकडलेला बटाटा. बिचारा उगाचच बदनाम. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक झकास प्रयोग केला होता. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा बरोबर २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याने ३२३ गुण मिळवून सगळ्यांवर मात केली! संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७, पॉपकॉर्नला १५४, अंड्याला १५०. बटाट्याच्या वेफर्सना ९१ आणि क्रोसाँला फक्त ४७. बघा, बटाटा तोच. उकडला तर पहिला नंबर, तेलात गेला तर ब्रेडच्याही मागे.

फंडा सिंपल आहे. ज्या पदार्थात पाणी, चोथा आणि प्रथिनं जास्त, तो कमी कॅलरीत पोट भरतो. ज्यात तेल आणि साखर जास्त, तो भरपूर कॅलरी देऊनही पोट रिकामंच ठेवतो. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. एक ग्रॅम प्रथिनं किंवा पिष्टमय पदार्थ म्हणजे ४. आणि पाणी म्हणजे शून्य. एवढं गणित पाठ झालं की निम्मं डाएट झालंच म्हणून समजा.

टपरीवर, गाडीवर, नाक्यावर

बाहेर खायचंच नाही हा नियम आपल्याला झेपणारा नाही. तेव्हा बाहेरचंच, पण निवडून खाऊ या.

भेळ : हो, भेळच! पण सुकी आणि सांगून करून घेतलेली. दोन कप चुरमुरे (साधारण ३० ग्रॅम), मूठभर फुटाणे, भरपूर कांदा-टोमॅटो-काकडी, कैरी, कोथिंबीर, हिरवी चटणी आणि लिंबू. सगळं मिळून २०० कॅलरींच्या आसपास, आणि बाऊल काठोकाठ. याच भेळेत मूठभर शेव, दोन-तीन पुऱ्या आणि गोड चटणी पडली की आकडा ४०० च्या पुढे जातो. भेळवाल्याला ‘शेव वरून चिमूटभरच’ असं बिनधास्त सांगा. मटकी भेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

भाजलेलं कणीस : पावसाळ्यातलं बेस्ट स्नॅक. एका कणसात शंभर-सव्वाशे कॅलरी, वर लिंबू-तिखट-मीठ. दाणे चावायला वेळ लागतो, हा बोनस. कपातलं बटर-मसाला कॉर्न मात्र वेगळं प्रकरण आहे, त्यातलं बटरच कणसाला भारी पडतं.

शहाळं : एका शहाळ्याचं पाणी पन्नास-साठ कॅलरी. उसाच्या रसाला आणि कोल्ड्रिंकला उत्तम पर्याय. मलई मात्र मित्राला द्या.

इडली-सांबार : दोन इडल्या आणि वाटीभर सांबार मिळून २०० च्या आसपास. सांबार दुसऱ्यांदा मागा, खोबऱ्याची चटणी नको.

पेरू : चिरून तिखट-मीठ लावलेला एक मध्यम पेरू, सत्तर-ऐंशी कॅलरी आणि भरपूर चोथा. स्टेशनबाहेर, सिग्नलजवळ, कुठेही मिळतो. ज्यूस सेंटरवरच्या मिल्कशेकपेक्षा कधीही सरस!

ड्रॉवरमधला खजिना

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा असला की तो संपतोच. तेव्हा संपला तरी हरकत नाही, असा माल ठेवा. पण छोट्या डब्यांत, एका वेळेपुरता. पूर्ण पाकीट मांडीवर घेऊन एक्सेल शीट उघडलीत की गेम ओव्हर!

फुटाणे : ३० ग्रॅमला ११० कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं. स्वस्त, खमंग, महिनाभर टिकणारे. फॅन्सी प्रोटीन बार आणण्याआधी एकदा पुडीतले फुटाणे आठवा.

मखाणे : २५ ग्रॅमने मोठी वाटी भरते. चमचाभर तुपावर हळद-मिरपूड घालून परतले तरी १३५-१४० कॅलरी. तूप मात्र चमच्याने मोजा, अंदाजाने ओतू नका.

ज्वारीच्या लाह्या किंवा घरचे पॉपकॉर्न : २५ ग्रॅम मक्याचे दाणे, चमचाभर तेल, मीठ. भला मोठा बाऊल दीडशेच्या आत. मल्टिप्लेक्समधल्या बटर किंवा कॅरॅमल टबाशी याचा काहीही संबंध नाही, हे लक्षात असू द्या.

शेंगदाणे : चांगले आहेत, पण मोजून. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, दाण्यांत १७० कॅलरी असतात. सोललेले खारे दाणे दोन मिनिटांत संपतात. त्यापेक्षा टरफलासकट उकडलेल्या शेंगा घ्या. सोलता सोलता हात दमतात आणि पोटाला भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवायला वेळ मिळतो.

डब्यातला दुसरा कप्पा

घरून डबा नेत असाल तर त्यात संध्याकाळचा एक छोटा डबा वाढवा. सकाळची पाच मिनिटं जातात, संध्याकाळचे तीनशे वाचतात.

मोड आलेली मटकी किंवा मूग वाफवून, त्यात कांदा, टोमॅटो, लिंबू, चाट मसाला... वाटीभराला शंभर-सव्वाशे कॅलरी. पोट गच्च! अंडी खाणाऱ्यांसाठी तर प्रश्नच मिटला. दोन उकडलेली अंडी म्हणजे दीडशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं. मूगडाळीची दोन छोटी धिरडी नॉनस्टिक तव्यावर चमचाभर तेलात केली तर १८० च्या आसपास. बेसन आणि ताकाची सुरळीची वडीही मस्त, फक्त वरची फोडणी बेताची. अळूवडी आणि कोथिंबीर वडीबद्दल एक गंमत बघा. दोन्ही आधी वाफवतात, मग तळतात. तळायची पायरी गाळायची आणि वाफवलेल्या वडीवर चमचाभर तेलात मोहरी-तिळाची फोडणी. वडी तीच, चव तीच, तेल मात्र मोजकं.

आणि ताक! पातळ, जिरेपूड-आलं-कोथिंबीर घातलेलं ग्लासभर ताक तीस-चाळीस कॅलरींत काम भागवतं. लस्सी आणि फ्लेवर्ड योगर्टमध्ये साखर असते, त्यांना ताकाच्या रांगेत बसवू नका.

उपवास की डबल डोस?

‘आज उपवास आहे, म्हणजे डाएट आपोआपच!’ कसलं काय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावालाच. त्यात दाण्याचं कूट आणि तूप पडलं की खिचडीची एक प्लेट साडेचारशेला सहज पोहोचते. वडे तळले तर बोलायलाच नको. त्याऐवजी दोन मध्यम उकडलेले बटाटे, जिरं, मिरची, लिंबू आणि दह्याची एक वाटी घेऊन बघा. सगळं मिळून दोनशेच्या आसपास. रताळं उकडलेलं असेल तर तेही छान, मध्यम आकाराचं सव्वाशेच्या आत. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घालून खा, लाडू-चिक्की मात्र मोजून. आणि वेफर्सचं पाकीट ‘उपवासाला चालतं’ असं लिहिलेलं असलं तरी वजनाला चालत नाही!

रात्री साडेनऊ नंतर

जेवण झालंय, सिरीज सुरू आहे आणि हात काहीतरी शोधतोय. आधी स्वतःला विचारा, उकडलेली मटकी आत्ता खाईन का? उत्तर ‘हो’ असेल तर खरी भूक आहे, खुशाल खा. उत्तर ‘नाही, चॉकलेटच हवं’ असेल तर तो कंटाळा आहे. खऱ्या भुकेसाठी मुगाचं कढण, नारळ न घातलेलं टोमॅटोचं सार किंवा कपभर टोन्ड दूध हळद घालून. गोड हवं असेल तर कलिंगड किंवा पपईचा मोठा बाऊल. ३०० ग्रॅम कलिंगड म्हणजे फक्त ९० कॅलरी! आणि चॉकलेटच हवं असेल तर दोन तुकडे तोडा, बाकीचं आत ठेवा, मग बसा.

पाकिटावरचा इंग्रजी बारीक टाइप

‘बेक्ड’, ‘मल्टिग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’, ‘शुगर फ्री’... पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, खरी माहिती मागच्या बाजूला. डायजेस्टिव्ह प्रकारची बिस्किटं १०० ग्रॅमला ४८० कॅलरींच्या आसपास जातात, म्हणजे एक बिस्कीट सत्तरच्या जवळ. चार खाल्लीत तर वडापाव काय वाईट होता? शुगर फ्री मिठाईत साखर नसते, पण खवा आणि तूप असतंच.

मागच्या तक्त्यात तीन गोष्टी बघा. १०० ग्रॅमला कॅलरी किती, ‘पर सर्व्ह’ म्हणजे नेमके किती ग्रॅम, आणि ॲडेड शुगर किती. बऱ्याचदा पाकीट असतं मोठं आणि सर्व्ह धरलेला असतो छोटासा. आपण काही पाकीट अर्ध्यावर बंद करून ठेवत नाही! साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे, की ती दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, पाच चमचे. चहाचाच हिशेब लावून बघा.

पाकीटबंद खाण्याचा आणखी एक पेच आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल यांच्या टीमने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं, ताजं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्धांश, चोथा सारखाच होता आणि हवं तेवढं खायची मुभा. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाकीटवालं खाणं असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती! इच्छाशक्ती कमी पडते म्हणून स्वतःला दोष देण्याआधी समोर काय ठेवलंय ते बघायला हवं.

पण चहाला जायचं की नाही?

जायचं! हाच तर खरा मुद्दा आहे. पाच वाजताचा चहा नुसता चहा नसतो. प्रमोशनच्या बातम्या, बॉसच्या नकला, नव्या घराचं लोन, ब्रेकअपची स्टोरी, सगळं तिथेच होतं. डाएट करणारी व्यक्ती डबा घेऊन डेस्कवर एकटीच बसते आणि पंधरा दिवसांत एकतर चिडचिडी होते, नाहीतर डाएट सोडते. कुणाला दोष देणार? माणसांपासून तोडणारं डाएट टिकत नाही.

तेव्हा चहाला जा. साखर दोन चमच्यांवरून एकवर आणा, आठवड्याभराने अर्ध्यावर. फुटाण्याची पुडी खिशात न्या आणि चौघांसमोर उघडा. शुक्रवारी वर्गणी काढून पॅन्ट्रीत सुकी भेळ करा. एकाने कांदा, दुसऱ्याने चुरमुरे, तिसऱ्याने काकडी. समोशांचा बॉक्स आपोआप कमी होतो की नाही बघा. आणि आठवड्यातून एकदा वडापाव खायचाच असेल तर उभं राहून, अपराधी चेहऱ्याने खाऊ नका. ठरवून, गरमागरम, एकच, मिरचीसकट आणि मजेत खा. त्या दिवशी रात्रीचं जेवण हलकं. खरोखरचं हलकं, म्हणजे भाजी, वरण आणि कोशिंबीर!

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी खाण्याच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं. बाकीच्यांनी रोजचे दोन-तीनशे वाचवले तरी पुष्कळ झालं. काटा हळूच उतरेल, पण उतरलेला तिथे राहील.

पाच दिवस, पाच खाऊ
(सगळे साधारण २०० कॅलरींच्या आत)

सोमवार : वाटीभर वाफवलेली मटकी, कांदा-लिंबू घालून, आणि ग्लासभर ताक.
मंगळवार : एक पेरू आणि मूठभर फुटाणे.
बुधवार : दोन उकडलेली अंडी, किंवा मूगडाळीची दोन छोटी धिरडी.
गुरुवार : उपवास असेल तर दोन मध्यम उकडलेले बटाटे जिरं-लिंबू घालून, नसेल तर भाजलेलं कणीस.
शुक्रवार : ऑफिसची सुकी भेळ. शेव चिमूटभर, गप्पा मात्र भरपूर!